मी मोड सोडला तो रविवार

भलत्याच पुरुषाच्या मागे मी एकदा गेले होते, हे आधीच कबूल करून टाकते. वय त्रेसष्ट. डोक्यावर नवं हेल्मेट, त्याच्याखालून मानेवर उतरलेला अंबाडा, नाकावर काळा चष्मा. पुढे केळीच्या बागांमधून जाणारी एक पिवळी पाठ आणि मागे सायकलवर मी, अगदी समाधानानं. तो कोण, कुठला, कशाला चाललाय, काही एक विचारलं नाही. आज सत्तरीला टेकल्यावर त्या पोरसवदा बाईची आठवण झाली की हसू येतं, आणि हसता हसता मी थांबतेही. कारण त्या वेळी मी दुसऱ्याच एका जागी उभी असायला हवी होते.

आमच्या बऱ्हाणपुरात सायकल चालवणाऱ्या हौशी लोकांचा क्लब आहे. दुकानदार, शिक्षक, कचेरीतले बाबू, एक डॉक्टरीणबाई, असे वीसेक जण. शर्यत वगैरे काही नाही. महिन्यातून एका रविवारी सकाळी निघायचं, गावाबाहेर कुणाच्या तरी शेतावर जेवायचं, दुपार कलली की परत. वेगावरून कुणी बढाई मारायला लागला की त्याला सगळ्यांच्या पिशव्या वाहायला लावतात. नियम म्हणाल तर एकच, पण तो कडक. वळणाला आमच्याकडे मोड म्हणतात. मोड आला की सगळ्यात पुढचा माणूस आपल्या मागच्याला तिथे उभा करतो आणि पुढे निघून जातो. उभ्या राहिलेल्यानं येणाऱ्या प्रत्येकाला हातानं रस्ता दाखवायचा आणि शेवटचा माणूस येईपर्यंत जागचं हलायचं नाही. शेवटच्या माणसाला आम्ही शेपूट म्हणतो. बाकी सगळ्यांचे शर्ट निळे, शेपटाचा एकट्याचा पिवळा, म्हणजे लांबून ओळखू येतो. शेपूट दिसलं की मोड सुटला. तोपर्यंत ऊन लागो, कुत्रं भुंको, उभं राहायचं.

त्या रविवारी शेपूट होते आमचे ड्रॉइंगचे मास्तर. शाळेतून निवृत्त झालेले, शांत, सायकलच्या पिशवीत कायम पान्हे बाळगणारे. आणि त्यांच्या थोडं पुढे, पहिल्यांदाच क्लबबरोबर निघालेल्या, माझ्या नणंदबाई.

नणंद माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण आम्ही दोघी एकमेकींना अहो-जाहो करतो. मी त्यांना बाई म्हणते, त्या मला वहिनी. यजमान गेल्यावर त्या चार महिने पुण्याला मुलाकडे राहून आल्या. अकराव्या मजल्यावर. परत आल्या त्या सिंधीपुऱ्यातल्या आमच्या घरी, भावाकडे, आणि पहिल्याच रात्री म्हणाल्या, "वहिनी, तिथे सकाळ झाली का नाही, ते लिफ्टनं खाली जाऊन बघावं लागतं." पुढच्या आठवड्यात मला शाळेच्या मैदानावर घेऊन गेल्या आणि साठी उलटल्यावर सायकल शिकल्या. मी मागून सीट धरून पळायचे. म्हणजे पळते आहे असं मला वाटायचं. पाहणारे म्हणत, दोन म्हाताऱ्या एका सायकलीला धरून भांडताहेत.

मुलाला हे कळलं तेव्हा फोन मला आला.

"मामी, आईला एक जरी ओरखडा आला ना, तर मी सोमवारी गाडी घेऊन येतो. मग सायकल नाही आणि बऱ्हाणपूर पण नाही. आई कायमची इकडे."

"अरे, मी आहे ना मागेपुढे."

"तुम्ही आहात म्हणूनच सांगतोय, मामी."

त्यातली खोच मला तेव्हा कळली नव्हती. मला आपलं वाटलं, केवढा विश्वास आहे पोराचा माझ्यावर.

बाईंना मात्र सगळं कळत होतं. आदल्या संध्याकाळी भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "उद्या पडायला नाही पाहिजे मला. बस, एवढंच." मेथीची एकेक काडी मोडत होत्या. देवाला काही मागावं तशा हळू आवाजात बोलल्या, आणि देवाच्या जागी समोर मी होते.

निघालो तेव्हा धुकं होतं. जानेवारीत तापीवरून धुकं उठतं आणि गावात शिरतं, गल्लीगल्लीतून म्हशीसारखं सावकाश चालतं. सायकलींच्या घंट्या ऐकू येत होत्या, सायकली दिसत नव्हत्या. गाव संपलं, पहिली केळीची बाग आली आणि धुक्याला हिरवा रंग चढला. पानांच्या कडांवरून थेंब ठिबकत होते. कुणी फारसं बोलत नव्हतं. चाकांचा आवाज आणि वीस माणसांचे श्वास, एवढंच. झोपेत चालल्यासारखं वाटत होतं, फक्त पाय फिरत होते. वाटेत एका पुलाजवळ थांबून डब्यातली मावा जलेबी खाल्ली. बाईंनी बोटं चाटून रुमालाला पुसली आणि स्वतःचा फोन माझ्या बास्केटमध्ये टाकला. त्यांच्या सायकलला बास्केट नव्हती, कुडत्यावर चढवलेल्या निळ्या शर्टाला खिसा नव्हता. "वाजला तर तुम्हीच बोला," म्हणाल्या. "मला एका हातानं येत नाही अजून."

त्यानंतर तासाभरानं मोड आला. सरळ गेलेला रस्ता पुढे असीरगडच्या बाजूला मोठ्या सडकेला लागतो, जिच्यावर ट्रक धावतात. आम्हाला उजवीकडे वळायचं होतं, बागांमधल्या कच्च्या रस्त्यानं शेतावर. पुढच्या माणसानं हात वर केला आणि माझ्याकडे बोट दाखवलं. मी उतरले. मोड माझा.

आता त्या बाईचं काय वर्णन करू! जणू पलटणीची चौकी मिळाली होती. सायकल स्टँडला लावली, हेल्मेट सरळ केलं, एक हात कमरेवर ठेवला. निळ्या शर्टांचा घोळका आला, मी हात लांब करून दाखवलं, घोळका वळला. त्यात बाई असणारच, असं मी धरून चालले. नीट पाहिलं नाही. पाहत कुठे होते मी? समोर धुकं विरळ होत होतं आणि दूर असीरगडचा किल्ला वरच्या वर दिसायला लागला होता. खाली डोंगर नव्हताच. नुसती तटबंदी, आभाळात ठेवलेली. मी तिच्याकडे बघत होते आणि त्याहून जास्त, तिच्याकडे बघणाऱ्या मला बघत होते. काळा चष्मा, सायकल, मागे किल्ला. कुणीतरी फोटो काढायला हवा होता, असं वाटत होतं. स्वतःच्या फोटोत माणूस एकदा शिरला की रस्त्यावर लक्ष राहत नाही.

तेवढ्यात धुक्यातून पिवळा शर्ट आला. मी ओरडले, "झाले का सगळे?"

"हओ," पिवळा शर्ट म्हणाला आणि उजवीकडे वळला.

शेपूट गेलं. मोड सुटला. मी सायकलवर बसले आणि मागे लागले.

एक गोष्ट सांगायची राहिली. क्लबचे सुरुवातीचे शर्ट सगळेच पिवळे होते. छापणाऱ्यानं पाठीवर सायकल काढली, पण तिची दोन्ही चाकं अंड्यासारखी आली. लोक हसायला लागले, म्हणून निळे करवून घेतले, आणि ते पिवळे बागांमध्ये केळी कापणाऱ्या मजुरांना वाटून टाकले. कुणी वाटले? मीच वाटले. स्वतःच्या हातांनी, गेल्याच दिवाळीत. आणि आता माझ्यापुढे पिवळ्या पाठीवर अंड्यासारखी दोन चाकं डुलत चालली होती. ती मी पाहिली. छान पाहिली. मनात एवढंच आलं की मास्तरांनी जुना शर्ट घातलेला दिसतोय.

तो कच्च्या रस्त्यावरून आणखी एका पायवाटेला लागला. मी पण लागले. मास्तरांना जवळची वाट माहीत असेल. दोन्ही बाजूंनी केळी अंगावर आल्या. डोक्यावर पानांचं छत, घडांना घातलेल्या निळसर पिशव्या कंदिलासारख्या लोंबकळत होत्या. उन्हाचे कवडसे पाण्यातून यावेत तसे हिरवे होऊन येत होते. सायकलच्या चाकाखाली ओली, वाळलेली पानं, त्यामुळे आवाजच नाही. मी किती वेळ चालवत होते, सांगता येणार नाही. लहानपणी तापात पडलं की छत जवळ येतं आणि लांब जातं, तसं काहीतरी होत होतं, पण गोड. इथून बाहेर पडूच नये, असं वाटत होतं. खरं सांगते, त्या बागेत मी कुणाची बायको, आई, आजी, वहिनी कुणीच नव्हते. आणि जिची वहिनी होते ती कुठे आहे, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

बाग संपली. पुढे ट्रक उभा होता, पाच-सहा जण घड खांद्यावर घेऊन चढवत होते. पिवळ्या शर्टवाल्यानं सायकल बांधाला टेकवली, वळला. भरघोस मिशा. मास्तरांना मिशा नाहीत.

"क्या माताजी, केला लेना है?" तो म्हणाला.

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्याच्या शर्टकडे. त्यालाही माझी ओळख पटली असावी. खुशीत येऊन शर्ट ओढून दाखवत म्हणाला, "आपनेही तो दिया था."

ट्रकवरचा एक जण हसला. मला हसू नाही आलं. शेपूट हे नव्हतं, म्हणजे खरं शेपूट मागे होतं. म्हणजे मोड मोकळा होता.

मी परत फिरले. त्या भल्या माणसानं शेताची वाट दाखवली, नाहीतर मी अजून त्या केळींमध्येच असते. शेतावर पोचले तेव्हा वांगी भाजल्याचा वास सुटला होता, चटया पसरल्या होत्या, सगळे निळे शर्ट सावलीत बसले होते. मी एकेक तोंड बघत गेले. बाई नाहीत. मास्तर नाहीत. एवढ्यात मास्तर आले, डॉक्टरीणबाईंना घेऊन. दोघांचे हात काळे.

"यांची चेन अडकली होती," मास्तर म्हणाले. "ताईंना म्हटलं, तुम्ही हळूहळू निघा, मोडावर वहिनी उभ्याच आहेत. आम्ही आलो तर मोडावर कुणीच नाही. आल्या ना त्या?"

भाकरी थापणारीचा हात थांबला. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता चष्मा काढला आणि पुसायला लागले.

"सरळ गेल्या असतील," ते म्हणाले. "मोठ्या सडकेकडे."

आणि नेमका माझ्या बास्केटमध्ये फोन वाजला. पुणे.

"मामी? आईचा फोन तुमच्याकडे कसा? आई कुठंय?"

आता बघा, चाळीस वर्षं वर्गात पोरांना खरं बोलायला शिकवलेली बाई. म्हणाले, "आई पुढे गेलीय रे. आम्हा सगळ्यांच्या पुढे. भारी चालवते."

"पडली तर नाही ना?"

"छे!"

"एका घंट्यानं करतो परत. तिलाच द्या तेव्हा."

त्याचंही बोलणं अजून बऱ्हाणपूरचंच आहे, पुण्यात राहून घंटा गेला नाही त्याचा. एरवी मला ते गोड वाटतं. तेव्हा मी नुसतं घड्याळ बघितलं. मला एका बाजूला ट्रक दिसत होते. दुसऱ्या बाजूला, सगळं सुखरूप असलं तरी, सोमवारी दारात उभी राहिलेली पुण्याची गाडी दिसत होती आणि पिशवीत साड्या भरणाऱ्या बाई. त्यांनी मागितलं होतं एवढंसं, आणि ते मी किल्ल्याकडे बघता बघता घालवलं होतं.

दोघं जण शेतावरची मोटरसायकल काढून दुसऱ्या वाटेनं बघायला गेले. मास्तर मला म्हणाले, "चला वहिनी," आणि सायकलवर बसले. जेवणाकडे आम्ही पाहिलं नाही.

मोडावर कुणी नव्हतं. तिथून सरळ. धुकं केव्हाच उडालं होतं आणि ऊन असं स्वच्छ पडलं होतं की रस्त्यावरचा खडा न् खडा दिसत होता. त्या उन्हाचा मला राग आला. कापसाच्या शेतात बाया वेचणी करत होत्या, धूलकोटकडून मजुरीला आलेल्या, कमरेला ओट्या बांधून. मास्तरांनी हाक मारून विचारलं, निळ्या शर्टातली सायकलवाली बाई पाहिली का.

"गेली ना," एक जण म्हणाली. "घंटी वाजवत गेली."

"कुणाला घंटी वाजवत?"

"कुणालाच नाही. रस्त्यावर होतंच कोण?" सगळ्या हसल्या.

पुढे एक म्हातारा शेळ्या घेऊन बसला होता. त्यानं विचारायच्या आधीच हात लांब केला. "तिकडे. माझ्या शेळ्यांना नमस्कार करून गेली." पुढे विहिरीवर एक सून पाणी भरत होती, ती म्हणाली, आजी गात होत्या. काय गात होत्या? ते काही कळलं नाही. माझ्या नणंदेला मी तीस वर्षांत गाताना ऐकलेलं नाही. मला वाटलं, ही दुसरीच कुणी बाई असेल, आणि तिच्या मागे आपण भलतीकडेच चाललोय. पुन्हा एकदा.

मोठी सडक आली. ट्रक एकामागून एक जात होते, प्रत्येकाबरोबर हवेची भिंत अंगावर येत होती. मी खाली बघत चालवत होते. रस्त्याच्या कडेला काय दिसेल, याची भीती वाटत होती. किल्ला आता बरोबर समोर होता, पायथ्यापासून वरपर्यंत पूर्ण. मी एकदाही मान वर केली नाही.

असीरगड गावात शिरताच चहाची टपरी लागते. टपरीबाहेर बाकावर बाई बसल्या होत्या. बूट काढून बाजूला ठेवलेले, पाय उन्हात सोडलेले, ओढणीत बोरं. शेजारी गावातल्या दोन बाया, त्यांची बोरं असावीत. तिघी बिया किती लांब फेकता येतात ते बघत होत्या.

मी सायकल तशीच आडवी टाकली. "बाई! लागलं कुठे? पडलात?"

"नाही पडली," त्या म्हणाल्या आणि तोंडातली बी काढून हातात घेतली. "सडकेवर ट्रक आला की उतरायची, गेला की चढायची. वेळ लागला थोडा. बसा ना मास्तर. बोरं घ्या."

मी रडायला लागले. चहावाल्यानं घाबरून एका ऐवजी दोन कप ओतले. मी सगळं सांगून टाकलं, केळीची बाग, मिशा, अंड्याची चाकं. मध्येच बाईंच्या खांद्याला हिसके बसायला लागले. मला वाटलं, त्याही रडताहेत. त्या हसत होत्या, आवाज न करता, ओढणीतली बोरं सांडेपर्यंत.

फोन वाजला. मी उचलणार, तर त्यांनी हात पुढे केला.

"हां बेटा. नाही, पडली नाही. हरवली होती." पलीकडून मोठा आवाज आला. त्यांनी फोन कानापासून थोडा लांब धरला, मग परत जवळ आणला. "असीरगडला आहे. हो, सायकलनं. एकटी. मामीला कशाला बोलतो? मामीला मी बोलीन काय बोलायचं ते. आणि ऐक, सोमवारी यायचं तर ये. राहा दोन दिवस. मी काही येत नाही." एवढं बोलून फोन माझ्या हातात दिला आणि बूट घालायला वाकल्या.

परतताना उन्हं उतरली होती. त्या पुढे, मी मध्ये, मास्तर मागे, शेपटाच्या जागी. सडकेवर ट्रक आला की तिघं उतरायचो, गेला की चढायचो. मग आतला रस्ता लागला आणि सगळा आवाज मागे राहिला. कापसावर पिवळी झाक आली होती, वेचणाऱ्या बाया बांधानं घरी निघाल्या होत्या. बाईंनी त्यांना घंटी वाजवली, त्यांनी हात हलवले. सावल्या इतक्या लांब पडल्या होत्या की बाईंची सावली रस्ता सोडून शेतात चालली होती, सायकलसकट, उंच, बारीक, एखाद्या शाळकरी मुलीसारखी. मी तिच्याकडे बघत चालवत होते. मी वाट बघत होते, त्या आता बोलतील, मग बोलतील. मामीला मी बोलीन, म्हणाल्या होत्या. मी मनात उत्तरंही जुळवून ठेवली होती, सगळी एकाहून एक बावळट.

मोडाजवळ त्या थांबल्या. एक पाय जमिनीला टेकवला. डावीकडे शेताचा कच्चा रस्ता संध्याकाळच्या धुरात नाहीसा होत होता. मी शेजारी जाऊन थांबले. त्यांनी त्या रस्त्याकडे पाहिलं, मग आपण आलो त्या रस्त्याकडे पाहिलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या,

"तुम्ही इथं उभ्या असत्या ना वहिनी, तर मी मुकाट वळली असती."